उष्णता-पंपास वीज किती लागते?

स्नानाचें पाणी तापविण्यासाठीं गीझरऐवजीं उष्णता-पंप घ्यावा काय, हा प्रश्न आतां पुष्कळ घरीं निघतो. 'वीज तिसरा हिस्सा लागेल' असें विक्रेता सांगतो. यंत्राची किंमत मोठी असल्यामुळें या वाक्यावर न विसंबतां हिशेब स्वतः करून पाहावा.

गीझर विजेचीच उष्णता करतो. उष्णता-पंप बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून पाण्यांत सोडतो. वीज त्या ओढण्यापुरतीच खर्च होते. विहिरीवरील पंप पाणी निर्माण करीत नाहीं, वर आणतो, तसेंच हें आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्व्हिन, यांनीं ही कल्पना १८५२ सालीं मांडली.

एक लिटर पाणी एक सेल्सिअस अंश तापविण्यास एक किलोकॅलरी लागते, व एका युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणून लिटरांस वाढवावयाच्या अंशांनीं गुणून ८६० नें भागावें. ही गीझरची वीज झाली. तीस यंत्राच्या गुणांकानें, म्हणजे एका युनिट विजेंत जितकीं युनिटें उष्णता मिळते त्या आंकड्यानें, भागिलें कीं पंपाची वीज निघते. टांकींतून निवणाऱ्या उष्णतेबद्दल दोहोंतही दहावा हिस्सा मिळवावा.

उदाहरणार्थ, सहा माणसांच्या घरीं रोज २०० लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापवावयाचें आहे. उन्हाळ्यांत मूळचें पाणी २५ अंश व गुणांक ३.५ धरला, तर गीझरला रोज ६.४ व पंपास १.८ युनिटें लागतात. थंडींत पाणी १५ अंश व हवा गार म्हणून गुणांक २.५ धरला, तर तेच आंकडे ९ व ३.६ होतात. म्हणजे पंपाचा महिन्याचा खर्च ५४ वरून १०८ युनिटांवर, अगदीं दुप्पट, जातो. तरी गीझरशीं ताडून पाहतां बचत उन्हाळ्यांत १३८ व थंडींत १६२ युनिटांची पडते.

यास्तव खरेदीपूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या. गुणांक किती अंशांच्या हवेंत मोजला आहे? आणि टांकींत विजेची साधी कांडीही आहे काय? ती चालू राहिली, तर तितका वेळ हिशेब गीझरचाच होतो. वर्षाच्या बचतीचे रुपये काढून त्यांनीं गीझरपेक्षां जास्त पडणाऱ्या किंमतीस भागावें. किती वर्षांत पैसा फिटतो तें समजेल. यंत्र बसविल्यावर घरांतील इतर उपकरणें बंद ठेवून, पाणी तापविण्याच्या आधीं व नंतर मीटर वाचावा. अंदाजाची खरी पारख तेथेंच होते.