वायद्यांचा हिशेब

मुलांनो, जालन्याहून भोकरदनला जाताना वाटेत राजूर लागते. या भागात कापूस, सोयाबीन, मका ही पिके होतात. जालना जिल्ह्याची मोसंबी तर दूरदूर प्रसिद्ध आहे. पण घरातल्या मोठ्या माणसांना २०१२-१३ च्या दुष्काळाविषयी विचारा. ते सांगतील, पाण्यावाचून अनेक बागा वाळून गेल्या. लोक हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असत.

प्रत्येक दुष्काळ तापमानवाढीमुळेच येतो असे नाही. पण हवा तापत गेली की पाऊस लहरी होतो. कधी एकदम मुसळधार पडतो, कधी महिना महिना तोंड दाखवत नाही.

हवा का तापते? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. हा वायू आणि मिथेनसारखे इतर वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतात. त्यांना हरितगृह वायू म्हणतात आणि ते बाहेर सोडण्याला उत्सर्जन म्हणतात. उत्सर्जन एका देशाचे असले तरी ताप साऱ्या जगाला होतो.

म्हणून १९९७ साली जपानमधील क्योतो शहरात एक करार झाला. श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी कमी करावे, असे ठरले. अमेरिकेने सही केली, पण पुढे करार मान्य केला नाही. २०११ साली कॅनडानेही बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. मग २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतःच ठरवावे, असे ठरले.

आता २०३० सालासाठी दिलेले काही वायदे पाहा.

युरोपीय संघ : १९९० पेक्षा किमान ५५ टक्के घट.
अमेरिका : २००५ पेक्षा ५० ते ५२ टक्के घट. (हा वायदा २०२१ चा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने पॅरिस करार सोडण्याचा निर्णय घेतला.)
जपान : २०१३ पेक्षा ४६ टक्के घट.
भारत : देशाच्या उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणाऱ्या उत्सर्जनात २००५ पेक्षा ४५ टक्के घट. (हा वायदा २०२२ चा.)

यांत सर्वांत मोठा आकडा ५५. मग युरोप पहिला आणि भारत शेवटचा का? थांबा! उर्दूतला ‘हिसाब’ आणि मराठीतला ‘हिशेब’ एकच. तो नीट करू या.

पहिली गोष्ट, आरंभीचे वर्ष. समजा, एका घरात पूर्वी रोज १०० घागरी पाणी लागे. पुढे १२० लागू लागले. आता घरमालक म्हणतो, “मी निम्मे करीन.” म्हणजे ६० घागरी. पण जुन्या १०० घागरींशी ताडून पाहिले तर घट ४० टक्केच झाली! अमेरिकेचे उत्सर्जन १९९० पेक्षा २००५ मध्ये जास्त होते. म्हणून तिचे ५० टक्के युरोपच्या मापाने कमी भरतात.

दुसरी गोष्ट, एकूण की कशामागे? आईने नवी चूल आणली. दर भाकरीमागे लाकूड निम्मेच लागू लागले. पण भाकऱ्या तिप्पट झाल्या, तर एकूण लाकूड वाढतेच. भारताचा वायदा या प्रकारचा आहे. तो पाळूनही देशाचे एकूण उत्सर्जन वाढू शकते.

तिसरी गोष्ट, माणशी किती? एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे. पण कार्बन डायऑक्साइडचे वर्षाचे माणशी प्रमाण अमेरिकेत सुमारे १४ टन, चीनमध्ये सुमारे ८ टन आणि भारतात सुमारे २ टन आहे. वीस घागरी वापरणाऱ्याला आणि चार घागरी वापरणाऱ्याला “निम्मे करा” असे सांगणे सारखे होईल का?

भारताने आणखी एक वायदा दिला होता : २०३० पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ती यांसारख्या साधनांची असेल. तो जून २०२५ मध्येच पूर्ण झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तोटी बसवली म्हणजे हंडा भरला असे नव्हे. प्रत्यक्षातली बहुतेक वीज अजूनही कोळशापासूनच होते.

उत्सर्जन जितके, तितकेच झाडांनी व इतर उपायांनी शोषले गेले, तर त्याला ‘निव्वळ शून्य’ म्हणतात. त्यासाठी मुंबई महानगराने आणि युरोपने २०५० हे साल धरले आहे, चीनने २०६० च्या आधीचे आणि भारताने २०७०. २०५० साली तुम्ही आज तुमचे वडील आहेत त्या वयाचे असाल. २०७० साली आजोबांच्या वयाचे. वायदा करणारे तेव्हा नसतील. हिशेब तुम्हालाच घ्यायचा आहे. तो आजच शिका.

शब्दार्थ
लहरी – मनाला येईल तसे वागणारा
उद्दिष्ट – गाठायचे ठिकाण, मक्सद
ताडून पाहणे – तुलना करणे
माणशी – प्रत्येक माणसामागे

स्वाध्याय
१. हरितगृह वायू कशाला म्हणतात?
२. ‘तोटी बसवली म्हणजे हंडा भरला असे नव्हे’, असे लेखक का म्हणतो?
३. एका गावाचे उत्सर्जन १९९० मध्ये २०० टन व २००५ मध्ये २५० टन होते. २००५ च्या तुलनेत ४० टक्के घट केली, तर १९९० च्या तुलनेत घट किती टक्के होईल?