‘महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे’ – तेही घरात बसून?

प्रश्न : आम्ही चिकोडी तालुक्यातल्या सदलग्यात राहतो. मागच्या सोप्यात बसलं की मोबाइलवर ‘महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे’ असा संदेश येतो, पुढच्या दारात आलं की पुन्हा कर्नाटक. रिचार्जची तक्रार करायला कस्टमर केअरला फोन लावावा, तर तिथली बाई कन्नडमधून सुरू करते आणि मराठीचा पर्यायच देत नाही. परवा लाइट गेली म्हणून १९१२ लावला, तर पलीकडचा गृहस्थ अस्खलित मराठीत बोलला, पण आमचा आर. आर. नंबर त्याच्या कॉम्प्युटरात सापडेना. जिथं मराठी हवी तिथं कन्नड आणि जिथं कर्नाटक हवं तिथं महाराष्ट्र, असं का?

उत्तर : सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आणि निकाल अजून यायचा आहे. तुमच्या मोबाइलने मात्र मागच्या सोप्यापुरता तो परस्पर लावून टाकलेला दिसतो!

तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच रोगाच्या वाटतात, पण त्यांची कारणं दोन आहेत. मोबाइल कंपनीला तुमचं घर दिसत नाही आणि तुम्ही घरात कोणती भाषा बोलता हेही कळत नाही. तिला दोनच गोष्टी ठाऊक असतात : तुमचं सिम कुठलं आहे आणि या क्षणी ते कोणत्या टॉवरला चिकटलं आहे. कोणता घोळ सिमचा आणि कोणता टॉवरचा, एवढं वेगळं केलं की गुंता बराच सुटतो.

आधी सिम घेऊ. मोबाइल सेवेसाठी देशाचे २२ विभाग केले आहेत. त्यांना सर्कल म्हणतात. ते साधारण राज्यांप्रमाणे आहेत, पण तंतोतंत नाहीत. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे, तर मुंबईचं सर्कल वेगळं आहे. तुमच्या सिममध्ये एक पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे, ४०४ किंवा ४०५, म्हणजे भारत. पुढच्या आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल कळतं. चिकोडीच्या दुकानातून घेतलेलं सिम कर्नाटक सर्कलचं. कस्टमर केअरला फोन लावला की यंत्र तेवढं बघतं आणि त्या सर्कलसाठी ठरवून ठेवलेल्या भाषा पुढे करतं : बहुधा कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. सदलग्यात मराठी घरं किती, हा प्रश्न त्या यंत्राला पडतच नाही. मुद्दाम कन्नड लादली, असं पुष्कळांना वाटतं. इथं तरी कारण त्याहून कोरडं आहे.

आता टॉवर. रेडिओलहरींना १९५६ ची राज्य पुनर्रचना ठाऊक नाही. दूधगंगेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्यातलं दत्तवाड आहे. मध्ये ना डोंगर ना टेकडी, ऊस आणि नदीचं पात्र एवढंच. त्यामुळे पलीकडच्या टॉवरची रेंज सहज अलीकडे येते. फोन आधी आपल्या घरच्या नेटवर्कचा टॉवर शोधतो. पण जाड भिंतीच्या, मागच्या खोलीत तो क्षीण झाला आणि पलीकडचा जोरात मिळाला की फोन तिकडे जातो. कंपनीच्या हिशोबी तुम्ही परराज्यात गेलात, म्हणून स्वागत. मग अंगणात आलात तरी फोन लगेच परत येईलच असं नाही. घरचं नेटवर्क मिळतं का हे तो ठरावीक अंतराने तपासतो, आणि ते अंतर सिमनुसार काही मिनिटांचं असतं किंवा काही तासांचंही.

या स्वागताने पैसे कापले जातात ही धास्ती मात्र आता सोडून द्या. एके काळी ती खरी होती. आलेला फोन उचलला तरी रोमिंगचा आकार पडे, आणि सीमेवरची माणसं मिस्ड कॉलवर निरोप भागवत. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमधले येणारे कॉल मोफत केले. खासगी कंपन्यांनीही पुढच्या दोनेक वर्षांत देशांतर्गत रोमिंगचा वेगळा आकार काढून टाकला. या बाबतीत आपण ब्रिटनपेक्षा सुखी म्हणायचे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची माणसं आपल्याच घरात बसून आयर्लंडच्या टॉवरला चिकटतात, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या काही कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगला पुन्हा पैसे लावले. पुढे ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेने १ ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांना नियम घालून दिला : ग्राहक रोमिंगवर गेल्याचं त्याला स्पष्ट कळवा आणि नकळत होणारं रोमिंग कसं टाळायचं तेही सांगा.

राहिला तुमचा १९१२. विजेच्या तक्रारीचा हा क्रमांक कर्नाटकातल्या हेस्कॉम या वीज कंपनीचाही आहे आणि महाराष्ट्रातल्या महावितरणचाही. असे तीन-चार आकडी क्रमांक देशभर तेच असतात. तो फोन कुणाकडे पोचवायचा हे बहुतेक वेळा टॉवरवरून ठरतं. तुमचा फोन दत्तवाडच्या बाजूला चिकटलेला असला, तर तो महावितरणच्या माणसाकडे जाऊ शकतो. आर. आर. नंबर हा कर्नाटकातल्या वीजजोडणीचा. महावितरणच्या नोंदीत तो असणार कसा? मराठी बोलणारा माणूस भेटला, पण लाइट आणायला त्याचा उपयोग शून्य. हा योग फक्त सीमाभागातच जुळून येतो!

उपाय सांगतो. तक्रारीचा फोन लावण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करा आणि यादीतून घरचं नेटवर्क हाताने निवडा. काम झालं की पुन्हा आपोआप निवड सुरू करा. ते विसरलात तर महाराष्ट्रात कागलला पोचल्यावर ‘रेंज नाही’ म्हणून फोन आपटाल. त्याहून सोपं म्हणजे हेस्कॉमच्या चिकोडी कार्यालयाचा पूर्ण क्रमांक जवळ ठेवणं. पूर्ण क्रमांक टॉवर बदलला तरी बदलत नाही.

मराठीतूनच कस्टमर केअर हवं असेल तर महाराष्ट्राच्या सर्कलचं सिम घेता येतं, किंवा आहे तोच क्रमांक त्या सर्कलमध्ये नेता येतो. ३ जुलै २०१५ पासून ती सोय देशभर आहे. पण मग घरातल्या घरात तुम्ही बहुतेक वेळ रोमिंगवर. पैसे जाणार नाहीत. मात्र फोन सारखा घरचं नेटवर्क शोधत राहील आणि बॅटरी खाईल. केवळ भाषेसाठी एवढी उलथापालथ मला तरी परवडणारी वाटत नाही. त्यापेक्षा तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, मागून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

लेखी तक्रार मराठीत चालते का, हेही पुष्कळ जण विचारतात. सरकारी अधिकाऱ्याकडे चालते. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. उत्तरही त्याच भाषेत यावं असं मात्र ते कलम म्हणत नाही. शिवाय खासगी मोबाइल कंपनीला ते लागू नाही.

हे सगळं राहू द्या, पण एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही आजच सांगा. आणीबाणीचा ११२ क्रमांकही राज्यवार नियंत्रण कक्षांकडे जातो, आणि मागच्या सोप्यातून लावलात तर तो महाराष्ट्रात लागू शकतो. तेव्हा पलीकडून आवाज येताच काय झालं हे सांगण्याआधी कुठून बोलता ते सांगा : सदलगा, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक.