आयांसाठी पुस्तकं निवडताना

पोरी, अंगणवाडीच्या कपाटात आयांसाठी पुस्तकं ठेवतेस, हे फार बरं केलंस. फक्त ‘मूल हुशार करा’ म्हणणारी चकचकीत पुस्तकं आणू नकोस.

हातात पुस्तक आलं की आधी खाण्याचं पान उघड. सफरचंद आणि ओट्स असतील, तर आपल्या एटापल्लीच्या आईनं ते कुठून आणायचे? भात, तूर, जवस, अंडं, पालेभाजी, जे तिच्या चुलीवर शिजतं ते सांगणारं पुस्तक घे. मग छपाईचं साल बघ. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ चा. त्याआधीची बरीच पुस्तकं चौथ्या महिन्यापासूनच वरचं सुरू करायला सांगतात.

वाढीचा तक्ता नीट वाच. ‘बाराव्या महिन्यात चाललंच पाहिजे’ असं लिहिलं असेल, तर ते पुस्तक तिथंच ठेव. भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं बघून याच संघटनेनं सांगितलंय, की मूल आधाराशिवाय चालायला लागतं ते साधारण ८ ते १७ महिन्यांच्या दरम्यान. एवढं कळलं तरी कितीतरी आयांचा घोर जातो. पण दीड वर्ष झालं तरी चालत नाही, हाकेला वळत नाही, तर डॉक्टरकडे न्या, हेही त्यात हवंच.

मन आणि खेळ यांच्याबद्दल मात्र जुनं पुस्तक बिनधास्त घे. गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ १९३२ चं, तरी मुलाकडं बघायला शिकवतं. ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला भोवतालच्याच वस्तूंवर बालवाडी उभी केली. आपल्याकडं सागाची पानं आहेत, बांबू आहे. (बिया मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नकोस, नाकात घालतं.) ‘पालकनीती’ मासिकाचे जुने अंक मिळाले तर ठेव, लेख एका बैठकीत वाचून होतात.

माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठी येत नाही म्हणून ते मागं पडलं, असं सुचवणारं पुस्तक मला कपाटात दिसायला नको. आईनं तिच्या बोलीत बोलावं, गावं, असं सांगणारं शोध.

घेण्याआधी एक पान एखाद्या आजीला मोठ्यानं वाचून दाखव. तिला अर्थ विचारावा लागला, तर दुसरं बघ. पातळ, मोठ्या अक्षरांचं असू दे. आणि घरी नेलेलं पुस्तक फाटून आलं तर दंड लावू नकोस, चिकटवून परत दे.