इंधन वाचविणारे लोहचुंबक

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गातील एका मुलाने मधल्या सुट्टीत आम्हांस एक वस्तू आणून दाखविली. बोटभर लांबीचे दोन काळे तुकडे, प्लास्टिकच्या पट्टीने एकत्र बांधावयाचे, आत लोहचुंबक. त्याच्या वडिलांचा मालवाहू टेम्पो निपाणी-बेळगाव रस्त्यावर चालतो. डिझेलच्या नळीवर हे तुकडे बसविले की इंधनाचे कण सरळ रांगेत येतात, ज्वलन पूर्ण होते आणि शेकडा 25 इंधन वाचते, असे वेष्टनावर छापले होते. वडिलांनी एक जोडी बसविली होती व तिचा गुण आला असे त्यांचे मत होते. आता आणखी पुष्कळ जोड्या उधारीने आणून ओळखीच्या चालकांस विकण्याचा त्यांचा बेत चालला होता. हे सांगताना मुलाचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रात आमचा अधिकार नाही. "हे सारे खोटे" असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु त्यात मुलाच्या देखत त्याच्या वडिलांचा अधिक्षेप झाला असता. आमच्या घरची बोली कोंकणी. बाजारात कोणी काही गळ्यात मारू लागला की आमच्या मातोश्री एवढेच म्हणत, "पळोवया", म्हणजे "पाहू या". तोच शब्द उच्चारून आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेलो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : इंजिनात गेलेल्या इंधनापैकी न जळता वाया जाते किती? आमची समजूत होती की बरेच जात असावे. वस्तुतः सुस्थितीतील इंजिनात शंभर भागांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग इंधन जळतच असते. मग "ज्वलन पूर्ण करणारे" कोणतेही साधन कितीही गुणकारी असले, तरी ते उरलेल्या दोन-तीन भागांपलीकडे काय वाचविणार? जेथे शिल्लकच तीन रुपयांची, तेथून पंचवीस रुपये काढून देणारा मनुष्य हिशेबात तरी चुकला असला पाहिजे. इंजिनातील खरा नाश निराळाच आहे. इंधनाच्या उष्णतेपैकी बराच मोठा भाग धुरावाटे व रेडिएटरवाटे निघून जातो आणि चाकांपर्यंत पोहोचणारी शक्ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच असते. हा नाश उष्णतेच्या नियमांनीच ठरलेला असल्यामुळे नळीवर बाहेरून बांधलेल्या तुकड्याला तेथे काही करता येत नाही. शिवाय लोहचुंबक लोखंडास ओढतो. पेट्रोल-डिझेलवर त्याचा परिणाम इतका क्षीण असतो की तो नसल्यातच जमा.

लोहचुंबकाची भावंडेही बाजारात पुष्कळ आहेत. हवेच्या नळीत बसविण्याची पाती आहेत, टाकीत टाकण्याच्या गोळ्या आहेत, आणि नव्या मोटारींच्या जोडणीत खुपसावयाची लहानशी डबीही आहे. अशी डबी जिज्ञासूंनी फोडून पाहिली, तेव्हा आत लुकलुकणाऱ्या दिव्यांखेरीज कामाचे काही नव्हते! पात्यांविषयी एवढेच सांगतो की हवेच्या वाटेत अडथळा घालून इंजिनाचा श्वास मोकळा होत नाही. अमेरिकेत 1973 सालच्या तेलटंचाईनंतर अशा साधनांचे पेव फुटले होते. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक साधने तपासली. त्यांतील फारच थोड्यांनी इंधनात काही फरक दाखविला आणि तोही अल्प. आपल्या देशात 2017 पासून मोटार बनविणाऱ्या कारखान्यांवर सरासरी इंधनखर्चाची मर्यादा घातलेली आहे. दोन-चारशे रुपयांच्या तुकड्याने पाव हिस्सा इंधन वाचत असते, तर तो कारखान्यांनीच आधी बसविला असता.

येथे एक जुने प्रकरण आठवते. 1996 साली तामिळनाडूतील रामर पिल्लै या गृहस्थाने पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल बनविल्याचा दावा केला व देशभर खळबळ उडाली. जाणत्या शास्त्रज्ञांसही काही काळ विस्मय वाटला. पुढे उघड झाले ते एवढेच, की ढवळण्याची काठी पोकळ होती आणि इंधन तिच्यातूनच भांड्यात उतरत होते. 2016 साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यास तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

परंतु आमच्या विद्यार्थ्याचे वडील लबाड नव्हते. त्यांस गुण दिसला होता, आणि न दिसलेले ते सांगत नव्हते. मग तो आला कोठून? हा प्रश्न आम्हांस लोहचुंबकाहून अधिक महत्त्वाचा वाटला. मुलाला आम्ही म्हटले, "बाबांची वही घेऊन ये."

वहीत उत्तर होते. तुकडे बसविण्यापूर्वीचे माप निपाणीहून बेळगावला भरल्या टेम्पोने जातानाचे होते. बसविल्यानंतरचे माप बेळगावात टाकी भरून रिकाम्या टेम्पोने परत येतानाचे. आता बेळगाव हे निपाणीहून सुमारे दीडशे मीटर उंच आहे, आणि निपाणी सोडताच तवंदीचा घाट लागतो हे तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. चढ, ओझे आणि घाट एका बाजूस. उतार आणि रिकामी गाडी दुसऱ्या बाजूस. लोहचुंबकाच्या पदरात पडलेले श्रेय वास्तविक उताराचे होते. आणखी एक गोष्ट मुलानेच सांगितली. "सर, ते बसविल्यापासून बाबा गाडी हळू चालवितात. अ‍ॅव्हरेज बघायचे असते ना." वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल सोडणे हीच खरी बचत. 1978 साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघाने चालकांस ताशी 45 ते 55 किलोमीटरचा वेग, टायरांत योग्य हवा आणि सिग्नलपाशी इंजिन बंद ठेवणे, हेच सांगितले आहे. यांतील एकाही गोष्टीस वेष्टन नाही, म्हणून ती कोणी विकावयास येत नाही.

पुढच्या शनिवारी ते गृहस्थ स्वतःच शाळेत आले. थोडे संकोचले होते. "गुरुजी, पोरगा म्हणतो माझं माप चुकलं." आम्ही म्हटले, "माप चुकले नाही. दोन मापे दोन निराळ्या रस्त्यांची झाली." मग विज्ञानशिक्षकांनी रीत सांगितली : एकाच पंपावर, पहिल्या कट्‌ला थांबून टाकी भरावी, जाणे आणि येणे मिळून एकच माप धरावे, ओझे शक्य तो सारखे ठेवावे, आणि तुकडे बसवून चार फेऱ्या, काढून चार फेऱ्या कराव्यात. एका फेरीवर भिस्त ठेवू नये, कारण टाकी भरण्यातच थोडेबहुत कमीजास्त होते.

दिवाळीच्या सुमारास वही पुन्हा आमच्याकडे आली. आठ फेऱ्यांची मापे मुलाने स्वच्छ अक्षरांत मांडली होती. तुकडे बसविलेल्या फेऱ्यांतच आपापसांत जेवढा फरक होता, त्याहून अधिक फरक दोन गटांत नव्हता. उधारीचा माल आणला गेला नाही. ते दोन तुकडे आता विज्ञानाच्या खोलीतील कपाटात आहेत आणि सातवीची मुले त्यांनी टाचण्या उचलतात. वहीत मात्र एक नवा रकाना वाढला आहे. त्यात दर सोमवारी टायरांतील हवेची नोंद असते.