वेदीवरचे लाकूड : मिस मिनी एब्रम्स यांचे प्रार्थनाजीवन

वाचनासाठी शास्त्रभाग : लेवीय 6:12-13 व 9:24; यहेज्केल 22:30; कलस्सैकरांस पत्र 4:12-13



होमवेदीवरील अग्नी कधीही विझू देऊ नये, याजकाने दररोज सकाळी तीवर लाकडे ठेवावीत, ही लेवीयातील आज्ञा भिलाईकरांना फार समजावून सांगावी लागत नाही. येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालते. पाळीवरचा माणूस बदलतो, भट्टी थंड होऊ देत नाहीत. मात्र लेवीयाच्या नवव्या अध्यायात एक गोष्ट अधिक आहे. वेदीवरचा अग्नी परमेश्वराच्या समोरून आला; तो याजकांनी पेटवला नव्हता. याजकांकडे काम होते ते लाकूड वाहण्याचे. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे काय, हे समजण्यास एवढा भेद पुरेसा आहे, आणि तो ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो त्या मिस मिनी एब्रम्स यांची ओळख या अभ्यासात करून घेऊ.

मिस एब्रम्स अमेरिकेतील मेथोडिस्ट मंडळीच्या. शिकागो येथील प्रशिक्षण शाळेत शिकून 1887 साली त्या मुंबईस आल्या. मुलींसाठी त्यांनी वसतिगृहासह शाळा काढली, मराठी आत्मसात केली आणि पुढे शाळेचा व्याप सोडून सुवार्तेच्या कामास वाहून घेतले. 1898 साली त्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या साहाय्यास गेल्या. तेथे त्यांच्यापुढे होत्या दुष्काळातून वाचलेल्या मुली. त्यांपैकी शेकडो मुलींना रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणले होते. आपला छत्तीसगडचा मुलूखही तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. तेव्हा केडगावची ही हकिकत आपण दूरची समजू नये.

1904 साली वेल्समध्ये संजीवन सुरू झाले आणि त्याच्या वार्ता भारतात पोहोचल्या. त्याच वर्षी पंजाबात सियालकोटचे पहिले अधिवेशन भरले; त्यामागे रात्रभर गुडघ्यांवर असणाऱ्यांत जॉन हाइड होते. ‘प्रार्थना करणारा हाइड’ म्हणून पुढे सर्व जग त्यांना ओळखू लागले. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुक्तीतील मुलींना विचारले : भारतातील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून रोज प्रार्थनेस कोण जमेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या सुमारे 550 झाली. दिवसातून दोनदा त्या जमत. या सहा महिन्यांत डोळ्यांना दिसेल असे फारसे काही घडले नव्हते. वाचकहो, या सहा महिन्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. संजीवनाच्या गोष्टी सांगताना आपण जून महिन्यावर उडी मारतो.

29 जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास मिस एब्रम्स यांना झोपेतून उठवण्यात आले. एका मुलीवर आत्मा आला होता. तिच्या सोबतिणीला तिच्याभोवती अग्नी दिसला. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि पाणी ओतणार तोच तिला कळले की मुलगी जळत नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर शिकवीत असता मुली रडून आपापली पापे कबूल करू लागल्या. शाळेचे नित्याचे वेळापत्रक बाजूला राहिले. पुढे भाषांच्या दानाविषयी बरीच चर्चा झाली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. रमाबाईंनीही ते दान प्रत्येकास मिळालेच पाहिजे असे मानले नाही. बादली घेऊन धावणारी मुलगी मात्र मंडळ्यांतून आजही भेटते!

पापांची कबुली झाल्यावर या मुली स्वतःच्या आनंदातच रमल्या असत्या तर मिस एब्रम्स यांचे काम अपुरे राहिले असते. त्यांनी मुलींना इतरांचे ओझे वाहण्यास शिकवले. मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता घेऊन जात, आणि मुक्तीत हजारो लोकांसाठी नाव घेऊन प्रार्थना होई. नाव घेतल्याने काय होते? ‘प्रभू, सर्वांना आशीर्वाद दे’ असे म्हणणाऱ्याला कोणाशी समेट करावा लागत नाही. नाव उच्चारताच ते माणूस आपल्यासमोर उभे राहते, आणि त्याच्याविषयी मनात असलेला राग पहिल्याने प्रभूपुढे ठेवावा लागतो. एपफ्रासाचेही तसेच होते. तो स्वतः कलस्सै येथील. आता पौलाबरोबर घरापासून फार दूर. तेथून तो आपल्या गावच्या बंधूंसाठी प्रार्थनेत झगडतो. ज्यांची मुले नोकरीसाठी भिलाईहून पुण्यास, नागपुरास किंवा परदेशी गेली आहेत, त्या आईवडिलांनी हा भाग सावकाश वाचावा.

1906 साली मिस एब्रम्स यांनी पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्याविषयी एक लहान पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत चिलीतील वालपराइसो येथे असलेल्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीस, मिसेस हूवर यांना धाडली. ते वाचून तेथील मंडळी प्रार्थनेस लागली आणि 1909 साली चिलीत मोठे संजीवन झाले. मिस एब्रम्स स्वतः चिलीस कधी गेल्या नाहीत. 1910 साली काही मिशनरी भगिनींना घेऊन त्या उत्तर भारतात, जेथे सुवार्ता फारशी पोहोचली नव्हती अशा भागात गेल्या, आणि 1912 च्या डिसेंबरात तेथेच तापाने त्यांचे निधन झाले. केडगावात जसे पीक दिसले तसे तेथे पाहण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

मंडळीतील कुटुंबांनी या आठवड्यात एक वही घालावी. पहिल्या पानावर पाचच नावे लिहावीत आणि त्यांत एक नाव असे असावे की ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे. घरात कोणी रातपाळीस असेल तर सर्वांनी एकाच वेळी जमण्याचा आग्रह नको. कामावरून परतलेल्याने पहाटे आणि बाकीच्यांनी रात्री, अशी ती वही हातोहात फिरू द्यावी. उत्तर मिळेल तेव्हा नावापुढे तारीख घालावी. सहा महिने तारीख घालता आली नाही, तरी नाव खोडू नये.