बियाण्याची कणगी : डिस्ने कंपनी आणि तिच्या चित्रपट-मालिका



गेल्या काही वर्षांत गाजलेल्या इंग्रजी चित्रपटांची नावे आठवा. ‘फ्रोझन २’, ‘इनसाइड आउट २’, ‘मोआना २’, ‘झूटोपिया २’. नावापुढचा तो आकडा तुमच्या लक्षात आलाच असेल. एकदा गाजलेल्या कथेतील पात्रे घेऊन एकामागून एक चित्रपट काढायचे, या पद्धतीला चित्रपट-व्यवसायात ‘फ्रँचाइझी’ म्हणतात. आपण तिला चित्रपट-मालिका म्हणू. वरील चारही चित्रपट अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीचे आहेत. याच पद्धतीने ही कंपनी श्रीमंत झाली आणि याच पद्धतीने अडचणीतही आली. अभ्यासासाठी आम्ही हा विषय निवडला, कारण त्यात इतिहास आहे, व्यापार आहे आणि थोडे अंकगणितही आहे.

हातून गेलेला ससा

१९२७ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी ‘ओस्वाल्ड’ नावाच्या सशाची व्यंगचित्रपट-मालिका सुरू केली. ती चांगली चालली. परंतु सशाची मालकी युनिव्हर्सल कंपनीकडे होती. १९२८ च्या सुरुवातीस पैशांवरून बिनसले आणि ससा तर गेलाच, बरोबरचे बहुतेक चित्रकारही गेले. त्यानंतर मिकी माउस जन्माला आला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. पात्राची मालकी आपल्याच हाती हवी, हा धडा कंपनी पुढे कधीच विसरली नाही. गंमत म्हणजे २००६ मध्ये कंपनीने ओस्वाल्डचे हक्क परत मिळवले. त्याच्या बदल्यात तिने अल मायकल्स हे आपले नामवंत क्रीडा-समालोचक एनबीसी वाहिनीकडे जाऊ दिले!

तीन डुकरांचा धडा

१९३३ मध्ये डिस्नेंचा ‘थ्री लिट्ल पिग्ज’ हा छोटा व्यंगचित्रपट आला. अमेरिकेत तेव्हा मोठी मंदी होती. लांडग्याला न घाबरणारी डुकरे लोकांना इतकी आवडली की चित्रपटगृहांचे मालक म्हणू लागले, “आणखी डुकरे पाठवा.” वॉल्ट यांनी आग्रहाखातर पुढचे भाग काढले, पण पहिल्याची सर कोणालाच आली नाही. डुकरांच्या यशावर पुन्हा डुकरे आणून मात करता येत नाही, असे ते पुढे सांगत असत.

मग त्यांनी काय केले? पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट काढायला घेतला. चित्रपट-व्यवसायातील जाणत्यांनी त्याला वॉल्टचा वेडेपणा म्हटले. सुमारे १५ लाख डॉलर खर्चून केलेला ‘स्नो व्हाइट’ डिसेंबर १९३७ मध्ये आला आणि त्याने इतिहास घडवला.

एक कथा, अनेक उत्पन्ने

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उद्यान सुरू झाले. १९५७ मध्ये कंपनीने आपल्या कामाचा एक तक्ता काढला. त्याच्या मध्यभागी चित्रपट होते आणि भोवती दूरचित्रवाणी, संगीत, पुस्तके, खेळणी व उद्यान. चित्रपट चालला की खेळणी खपतात. खेळण्यांमुळे पात्र घरोघर राहते, आणि पात्र घरात राहिले की मुले उद्यानात जाण्याचा हट्ट धरतात. तुमच्या दप्तरावर किंवा डब्यावर अशी चित्रे असतील, तर तीही याच तक्त्याचा भाग समजा. म्हणून मधली कथा कमकुवत झाली की चटका चित्रपटगृहापुरता राहत नाही.

विकत घेतलेल्या बागा

नवी पात्रे घडवायला वेळ लागतो आणि ती चालतीलच याची खात्री नसते. म्हणून कंपनीने तयार बागा विकत घेतल्या. २००६ मध्ये पिक्सार सुमारे ७४० कोटी डॉलरना, २००९ मध्ये मार्व्हल सुमारे ४०० कोटींना, तर २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची लुकासफिल्म सुमारे ४०५ कोटींना. फळ भरपूर आले. २०१९ मध्ये डिस्नेच्या सात चित्रपटांनी प्रत्येकी १०० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्यात ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’चा गल्ला तर सुमारे २८० कोटी होता.

पण ते सात चित्रपट नीट पाहा. ‘लायन किंग’ आणि ‘अलादीन’ हे जुन्याच चित्रपटांचे नवे रूप. ‘टॉय स्टोरी ४’, ‘फ्रोझन २’, ‘एंडगेम’ आणि ‘स्टार वॉर्स’चा नववा भाग हे पुढचे भाग. ‘कॅप्टन मार्व्हल’ हा मार्व्हलच्या मोठ्या मालिकेतील एक. सातांत पूर्णपणे नवी कथा एकही नव्हती.

अति तेथे माती

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी कंपनीने ‘डिस्ने प्लस’ ही घरबसल्या चित्रपट दाखवणारी सेवा सुरू केली. वर्गणीदार टिकवायचे तर दर महिन्याला नवे काही हवे. त्यातच कोविडची साथ आली. ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ या पिक्सारच्या नव्या कथा अमेरिकेत थेट घरच्या पडद्यावर गेल्या. थोडे थांबले तर चित्रपट घरीच येतो, अशी सवय कुटुंबांना लागली.

मार्व्हलने २००८ ते २०१९ या काळात २३ चित्रपट काढले होते. २०२१ या एकाच वर्षी मात्र चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या. एक चित्रपट समजण्यासाठी आधीच्या दोन मालिका पाहिलेल्या असाव्यात, अशी वेळ आली. करमणुकीचा गृहपाठ झाला! २०२३ मध्ये ‘द मार्व्हल्स’चा जगभरातला गल्ला सुमारे २० कोटी ६० लाख डॉलरवर थांबला. मार्व्हलच्या या मालिकेतील तो सर्वांत कमी गल्ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रमुखपदी परतलेले बॉब आयगर यांनी, संख्या वाढवण्याच्या नादात लक्ष विखुरले, असे मान्य केले. २०२४ मध्ये त्यांनी मार्व्हलला वर्षाला फार तर तीन चित्रपट आणि सुमारे दोन मालिका अशी मर्यादा जाहीर केली.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

आता थोडे गणित. २०२३ च्या इंडियाना जोन्सच्या पाचव्या चित्रपटाचा गल्ला सुमारे ३८ कोटी डॉलर, तर निर्मितीखर्च सुमारे ३० कोटी असल्याचे प्रसिद्ध झाले होते. मग आठ कोटी सुटले का? नाही. तिकिटाच्या पैशांतला ढोबळमानाने निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो. म्हणजे कंपनीच्या हाती सुमारे १९ कोटी. जाहिरातीचा खर्च वेगळाच. जुन्या नावाच्या भरवशावर खर्च इतका वाढवला की ३८ कोटींची विक्रीही तोट्यात गेली.

मग उपाय काय?

पुढचे भाग काढणेच चूक, असे म्हणता येणार नाही. ‘इनसाइड आउट २’ने २०२४ मध्ये सुमारे १७० कोटी डॉलर मिळवले. उलट ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ (२०२२) आणि ‘एलिओ’ (२०२५) या नव्या कथा साफ पडल्या. कंपनीची खरी अडचण हीच आहे. जुने विकले जाते, म्हणून नव्यावर पैसा लावण्याचे धाडस होत नाही.

परंतु पहिला ‘फ्रोझन’ (२०१३), पहिला ‘इनसाइड आउट’ (२०१५), पहिले ‘झूटोपिया’ आणि ‘मोआना’ (दोन्ही २०१६) यांच्यापुढे आकडा नव्हता. आजचे पीक त्या वेळच्या पेरणीचे आहे. शेतकरी कितीही ओढगस्तीत असला तरी बियाण्याची कणगी रिकामी करत नाही. पेरलेले सगळेच उगवत नाही, आणि काही उशिरा उगवते. २०२३ चा ‘एलिमेंटल’ पहिल्या आठवड्यात पडल्यात जमा होता, पण हळूहळू त्याचा गल्ला सुमारे ४९ कोटी डॉलरपर्यंत गेला.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींनाही यात विचार करण्याजोगे काही आहे, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळा, वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळे आधीच्या पिढ्यांनी कमावलेल्या नावावर उभी आहेत. ते नाव जपायला हवेच. पण गाजलेले नाटक दरवर्षी पुन्हा लावण्याबरोबर एखादे नवे, कदाचित फसणारे नाटकही मुलांच्या हाती द्यायला हवे. पुढच्या पिढीसाठी कणगीत काही राहील ते त्यातूनच.

स्वाध्याय

१. ओस्वाल्ड हातून गेल्यामुळे डिस्ने यांनी कोणता धडा घेतला?
२. एका चित्रपटाचा खर्च २० कोटी डॉलर आणि जाहिरात १० कोटी डॉलर आहे. निम्मा गल्ला चित्रपटगृहांकडे राहत असेल, तर तोटा टाळण्यासाठी किती गल्ला हवा?
३. तुम्ही पाहिलेल्या पाच चित्रपटांची यादी करा. त्यांतील नव्या कथा किती आणि पुढचे भाग किती?
४. ‘जुने जपावे की नवे पेरावे?’ या विषयावर घरी चर्चा करा आणि दहा ओळी लिहा.