ब्रदर फ्रान्सिसची शीट

सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून मी शीट ट्रेस केली. व्हायवात सरांनी त्याच शीटवरची एक रेघ दाखवून ‘ही काय?’ विचारलं. मी गप्प! तेव्हा ब्रदर फ्रान्सिस आठवला.

वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ या कादंबरीतला (ह्यूगो पुरस्कार, १९६१) हा मठवासी. अणुयुद्धानंतर लोक पुस्तकं जाळतात. वाळवंटातल्या मठात उरलेले कागद जपले जातात. एका सर्किटच्या ब्लूप्रिंटची सोनेरी नक्कल करण्यात फ्रान्सिस १५ वर्षं घालवतो, पण अर्थ त्याला कळत नाही.

इटलीतल्या माँटे कॅसिनो मठावर १९४४ मध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यात मिलर स्वतः सहभागी होते. म्हणूनच त्यांचं भविष्य चकचकीत नाही. शेकडो वर्षांनी मठातच विजेचा दिवा पेटतो आणि पुढे अणुबॉम्बही परततो. तरी काही मठवासी जपलेलं ज्ञान घेऊन यानातून ताऱ्यांकडे निघतात.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ‘आशा’ शिकवायच्या, ते डोक्यावरून जायचं. आता वाटतं, माणूस पुन्हा चुकेल हे माहीत असूनही पुढच्यांसाठी जपणं म्हणजे आशा.

फ्रान्सिसला समजावणारं कोणी नव्हतं. आपल्याला सर आहेत, लायब्ररी आहे. पुढची शीट मी स्वतः काढणार. तुम्ही?